डावा हात आधी का पडतो? पियानोची जुनी-नवी रेकॉर्डिंग्ज ऐकायला शिकताना

१९२०-३० च्या दशकातलं पियानोचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन गोष्टी खटकतात. एक, खरखर. दुसरी, दोन्ही हात एकत्र पडत नाहीत: डाव्या हाताचा खर्ज आधी वाजतो आणि उजव्या हाताचा सूर किंचित मागून येतो. खरखरीची सवय पाच मिनिटांत होते. दुसऱ्या गोष्टीवर मात्र ‘त्या काळी तयारी जरा कच्चीच असायची’ असा शेरा मारून बरेच जण नव्या, स्वच्छ रेकॉर्डिंगकडे वळतात. तो शेरा चुकीचा आहे. का चुकीचा, हे वाचून पटत नाही, कानानंच पटवून घ्यावं लागतं. त्यासाठी एक छोटी रचना, तिची सहा रेकॉर्डिंग्ज, छापील स्कोअर, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, पेन्सिल आणि दीड-दीड तासाच्या दोन बैठका पुरतात. स्टाफ नोटेशन वाचता आलं तर उत्तम, नाही आलं तरी अडत नाही. चाललेल्या बारवर (स्कोअरमधल्या दोन उभ्या रेघांमधल्या चौकटीवर) बोट ठेवता आलं की झालं.

रचना एकच घ्या

फ्रेडरिक शोपँचं ई-फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न, ओपस ९ क्रमांक २. हे १८३२ साली छापून आलं. पियानो शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्याच्या वाटेला जातो, त्यामुळे शंभर वर्षांतल्या बहुतेक मोठ्या वादकांचं रेकॉर्डिंग सापडतं. आपल्या कामाच्या दृष्टीनं यात तीन सोयी आहेत. रचना फक्त ३४ बारची आहे. डाव्या हाताचं काम जवळजवळ शेवटपर्यंत एकच आहे: खालचा एक सूर, मग दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), पुन्हा खालचा सूर, पुन्हा दोन कॉर्ड. आणि मुख्य चाल चारदा येते, दर खेपेला थोडे नवे अलंकार घेऊन, त्यामुळे एकाच वादकाची त्याच्याशीच तुलना करता येते.

स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतो. दोन प्रती छापून घ्या. पेन्सिलनं बारना क्रमांक द्या. सुरुवातीचा एकटा सूर मोजू नका, तो उठाव आहे. मुख्य चाल बार १, ५, १३ आणि २१ ला सुरू होते, बार ९ आणि १७ ला दुसरी ओळ येते, २५ पासून समारोप. ताल १२/८, म्हणजे प्रत्येक बारमध्ये तीन-तीनच्या चार गटांत बारा मात्रा.

रेकॉर्डिंग्ज ही घ्या:

– सर्गेई रॅखमानिनोव, १९२७
– आल्फ्रेड कोर्तो, १९२९
– आर्थर रुबिनस्टाइन, १९३६-३७
– राऊल कोचाल्स्की, १९३८
– आर्थर रुबिनस्टाइन, १९६५
– मारिया झ्वांव पिरेश, १९९५-९६

सातवं हवं असेल तर बार्ट फान ऑर्ट या डच वादकानं शोपँच्या काळच्या पियानोवर वाजवलेलं घ्या. त्याचा उपयोग पुढे पेडलच्या (सूर घुमत ठेवणाऱ्या पायपट्टीच्या) वेळी होईल.

रुबिनस्टाइन दोनदा आहे तो मुद्दाम. त्यानं नॉक्टर्न्स तीनदा रेकॉर्ड केली (मधली खेप १९४९-५० ची), आणि पहिल्या-तिसऱ्या खेपेत जवळजवळ तीस वर्षांचं अंतर आहे. हात तोच, रचना तीच.

ऐकायला बसण्यापूर्वी

मोबाईलमधले आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करा: इक्वलायझर, थ्रीडी आवाज, दोन गाण्यांमधला क्रॉसफेड. जुनी रेकॉर्डिंग्ज हळू आवाजात आणि नवी मोठ्या आवाजात निघतात, आणि मोठ्या आवाजातलं वादन कानाला नेहमी जास्त चांगलं वाटतं. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगचा पहिला बार वाजवून आवाज हातानं सारखा करून घ्या. हे टाळलंत तर पुढची सगळी मतं आवाजाच्या बटणाची असतील, वादनाची नव्हे.

क्रम सनावळीप्रमाणे लावू नका. आधी रुबिनस्टाइन १९६५, कारण आजच्या कानाला ‘बरोबर’ वाटणारं वादन साधारण तिथंच आहे. लगेच त्यानंतर कोचाल्स्की. हा धक्का बसला पाहिजे. बाकीची चार दुसऱ्या बैठकीत.

आधी घड्याळ लावा

लय ‘जलद वाटते’, ‘संथ वाटते’ यावर विसंबू नका. आधीचं जे ऐकलं त्यानुसार ते वाटणं बदलतं. पहिल्या बारच्या पहिल्या ठोक्यावर स्टॉपवॉच सुरू करा, पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर थांबवा. हे चार बार म्हणजे ४८ मात्रा. २८८० ला मिळालेल्या सेकंदांनी भागलं की दर मिनिटाच्या मात्रा निघतात. ३२ सेकंद लागले तर ९०, २९ लागले तर साधारण ९९.

आता छापील स्कोअरच्या पहिल्या ओळीवर पाहा. शोपँनं मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दिला आहे: मिनिटाला १३२ मात्रा. त्या हिशेबानं चार बार २२ सेकंदांत संपायला हवेत आणि सगळी रचना, शेवटी ताल सोडून वाजवायची तान वगळता, तीन मिनिटांच्या थोडी वर. प्रत्यक्षात गेल्या साठ वर्षांतली बहुतेक रेकॉर्डिंग्ज चार ते साडेचार मिनिटांची आहेत. म्हणजे ‘आम्ही फक्त छापलेलं वाजवतो’ म्हणणारा काळच छापलेल्या आकड्यापासून सगळ्यात लांब गेला. रचनेच्या नावात रात्र आहे, म्हणून ती संथच असणार, ही समजूत नंतरची. शोपँनं वर शब्द ‘अँदान्ते’ लिहिला आहे, आणि त्यात चालण्याची लय अभिप्रेत आहे, झोपेची नव्हे.

एकाच आकड्यावर थांबू नका. बार १, ५, ९, १३, १७ आणि २१ पासूनच्या प्रत्येक चार बारांना किती सेकंद लागले, असे सहा आकडे प्रत्येक वादकासाठी लिहा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातला फरक काढा. अभिरुची कुठे सरकली ते सरासरी लयीपेक्षा या फरकात जास्त दिसतं. जुन्या पिढीत आवाज चढला की लयही चढते, आणि दुसरी ओळ आली की चाल सरळ बदलते. नव्या पिढीत मूळ लय बहुधा कायम राहते आणि वाक्याच्या शेवटी तेवढं थबकणं येतं.

इथे एक चूक सगळ्यांकडून होते. पाचव्या बारच्या आधी वादक रेंगाळतो, आणि स्टॉपवॉच थांबवणारं बोट सुराच्या नव्हे, अपेक्षेच्या वेळी पडतं. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. शिवाय वर सांगितलेला हात मागे-पुढे पडण्याचा प्रकार आहेच. खर्जावर मोजायचं की वरच्या सुरावर, हे आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा. खर्जावर मोजणं सोपं जातं.

दोन हातांमधली फट

आता मूळ प्रश्न. कोचाल्स्कीचं रेकॉर्डिंग अर्ध्या वेगानं लावा. यूट्यूबवर ०.५ चा पर्याय आहे. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सुराची पट्टी न बदलता टेम्पो कमी करता येतो. स्कोअरच्या पहिल्या प्रतीवर जिथे खर्ज आधी आणि वरचा सूर नंतर येतो तिथे पेन्सिलनं तिरकी रेघ मारा. फक्त पहिले आठ बार करा, तेवढ्यात डोळे शिणतात. मग हेच १३ ते १६ आणि २१ ते २४ या बारांसाठी.

रेघा कुठे पडल्या ते बघा. तयारी कच्ची असती तर त्या कुठेही विखुरल्या असत्या, आणि कधी उजवा हातही आधी पडला असता. तसं होत नाही. रेघा जमतात त्या बारच्या पहिल्या ठोक्यावर, लांब सुरांवर आणि कॉर्ड बदलते तिथे. जलद अलंकारांत हात व्यवस्थित एकत्र असतात, जिथे चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच. कच्चा हात इतक्या हिशेबानं चुकत नाही.

कारण वाद्यातच आहे. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझू लागतो. व्हायोलिनसारखा तो फुगवता येत नाही. खर्ज आणि वरचा सूर एकाच क्षणी पडले तर खर्जाच्या धक्क्यात वरच्या सुराची सुरुवात झाकली जाते. मग चाल ऐकू यावी म्हणून ती जोरात वाजवावी लागते. तोच वरचा सूर किंचित उशिरा टाकला तर खर्जाच्या घुमण्यावर तो अलगद बसतो आणि हळू वाजवूनही स्पष्ट ऐकू येतो. ही फट सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. त्याच पिढीतल्या पादेरेव्हस्की या पोलिश वादकाच्या वादनात ती इतकी ठळक आहे की अर्ध्या वेगाची गरजच पडत नाही.

याच कुळातली दुसरी सवय म्हणजे कॉर्ड मोडून वाजवणं: सगळे सूर एकदम न टाकता खालून वर सांडत नेणं. स्कोअरमध्ये त्यासाठी उभी नागमोडी रेघ असते, पण १९३० पूर्वीचे वादक ती नसतानाही कॉर्ड मोडत. दुसऱ्या प्रतीवर या जागा वेगळ्या रंगानं खुणावा. नंतर रुबिनस्टाइन १९६५ किंवा पिरेश ऐकताना तोच कागद समोर ठेवा. खुणा जवळजवळ रिकाम्या राहतील.

अर्ध्या वेगात एक धोका आहे. वेग कमी करणारं सॉफ्टवेअर सुराची सुरुवात पसरवतं, आणि एकत्र पडलेले हातही वेगळे भासू लागतात. शंका आली की ०.७५ वर ऐका. तिथेही फट टिकली तर ती खरी.

पियानो शिकणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना: हे कानाला कितीही आवडलं तरी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षेत करून बघू नका. परीक्षक ते ‘हात एकत्र नाहीत’ असंच लिहिणार, आणि आजच्या निकषानं त्यांचं चूक नाही.

ठेका थांबतो की नाही?

रुबातो या शब्दाचा सरसकट अर्थ ‘लय मागे-पुढे करणं’ असा सांगतात. प्रत्यक्षात दोन वेगळे प्रकार आहेत, आणि मराठी कानाला त्यातला पहिला परका नाही. विलंबित ख्यालात तबलजी ठेका धरून असतो, गायक त्यावर मागे-पुढे तरंगतो आणि समेला येऊन मिळतो. गायकासाठी ठेका थांबत नाही. शोपँच्या वादनाबद्दल त्याच्या शिष्यांनी जे लिहून ठेवलं ते असंच आहे: डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा लय सांभाळतो, उजवा मोकळा. ही तुलना शोपँची म्हणून विल्हेल्म फॉन लेन्झनं नोंदवली आहे. दुसऱ्या प्रकारात दोन्ही हात एकत्रच मंदावतात आणि एकत्रच पुढे सरकतात, जणू गायक थांबला म्हणून तबलजीही हात वर करून बसला.

पारख करायला टेबलावर बोटानं डाव्या हाताच्या मात्रा धरा, वरची चाल ऐकूच नका. बोट न अडखळता चाललं आणि वरची चाल त्यावर उशिरा-लवकर पडत राहिली तर पहिला प्रकार. बोटाला थांबून वाट बघावी लागली तर दुसरा.

कोचाल्स्कीला पहिला प्रकार सगळ्यात जास्त लागू पडतो, पण त्याचंही बोट सरळसोट चालेल अशी अपेक्षा धरू नका. कोर्तो दोन्ही प्रकार मिसळतो. नव्या रेकॉर्डिंग्जमध्ये जवळजवळ सर्वत्र दुसरा. पहिला प्रकार आज बसवायला अवघड जातो, कारण एकाच डोक्यात दोन घड्याळं चालवावी लागतात, आणि लहानपणापासून हात एकत्र टाकायची सवय लावलेली असते.

अलंकार कुणाचे?

कोचाल्स्की (निधन १९४८) हा कारोल मिकुलीचा शिष्य, आणि मिकुली शोपँचा. शोपँ शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलनं या नॉक्टर्नचे पर्यायी अलंकार लिहून देत असे, एकाला एक, दुसऱ्याला दुसरा. १९३८ च्या रेकॉर्डिंगमध्ये कोचाल्स्की असे पर्याय घेऊन वाजवतो. ऐकताना बोट स्कोअरवर ठेवा. चाल परत येते तिथे छापील सुरांपेक्षा जास्तीचे सूर ऐकू आले पाहिजेत. आले नाहीत तर भलतंच रेकॉर्डिंग लावलंय असं समजा, नावं चुकवून चढवलेली खूप सापडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही मोकळीक बंद झाली. १९४८ साली जर्मनीत हेन्ले प्रकाशन सुरू झालं आणि रचनाकाराच्या मूळ मजकुराला चिकटून छापलेल्या, संपादकाच्या सूचना गाळलेल्या आवृत्त्या, म्हणजे उरटेक्स्ट, शिक्षकांच्या टेबलावर आल्या. त्यांचा फायदा मोठा होता: शंभर वर्षांत साचलेल्या भलत्या खुणा गेल्या. पण छापलं नाही ते वाजवायचं नाही, हा नियम त्यातून निघाला, आणि तो शोपँच्या स्वतःच्या सवयीशी जुळत नाही. शोपँच्या रचनांच्या पोलंडमधल्या राष्ट्रीय आवृत्तीचे संपादक यान एकियर यांनी हे पर्याय पुन्हा छापले, आणि आता काही तरुण वादक ते घेऊ लागले आहेत.

कार्यक्रमाची रीतही वेगळी होती. एक रचना संपून दुसरी सुरू होण्याआधी वादक दोन-चार कॉर्ड स्वतःच्या मनानं वाजवत, पट्टी बदलून घेत. योसेफ होफमान आणि विल्हेल्म बाकहाउस यांच्या मैफिलींच्या रेकॉर्डिंग्जमध्ये ते ऐकू येतं. हल्ली तिथे खोकल्याचा आवाज असतो.

पेडल

पेडलच्या खुणा पाळल्या तर खर्जाचा सूर पुढच्या दोन्ही कॉर्डच्या खाली घुमत राहतो. शोपँच्या आवडत्या प्लेयेल पियानोत तारांवरचा ताण कमी, हातोड्या हलक्या आणि सूर लवकर विझणारा, त्यामुळे ही खूण पाळूनही चाल स्वच्छ राहते. आजच्या नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँडवर तेच केलं तर खालचा पट्टा जाड होतो, मग वादक पेडल अर्धं उचलतो, लय संथ करतो किंवा वरची चाल जोरात काढतो. फान ऑर्टचं आणि पिरेशचं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ लावून फक्त खर्ज किती वेळ ऐकू येतो तेवढं बघा. जुन्या पियानोंवरच्या वादनाची गोडी आता छंदापुरती उरलेली नाही; वॉर्सात २०१८ साली अशा वाद्यांवरची पहिली आंतरराष्ट्रीय शोपँ स्पर्धा झाली.

रुची का सरकली

थोडक्यात सांगायचं तर रेकॉर्डिंगनंच रेकॉर्डिंगची अभिरुची बदलली.

१९२५ पर्यंत वादक आवाज गोळा करणाऱ्या भल्यामोठ्या कर्ण्यासमोर वाजवत. मग मायक्रोफोन आला आणि हळू सूर पकडता येऊ लागले. तरीही ७८ गतीच्या तबकडीवर दुरुस्ती होत नसे. एक सूर चुकला की अख्खी बाजू पुन्हा. कोर्तोच्या चुकलेल्या सुरांची चर्चा आजही होते, पण त्यानं ती बाजू मंजूर केली यातच त्या काळाचं माप आहे: रेघ आणि रंग जमले असतील तर दोन सूर गेले तरी चालतील. आर्टूर श्नाबेल या वादकानं १९३२ ते १९३५ मध्ये बेथोव्हेनचे ३२ सोनाटा रेकॉर्ड केले, तो पहिला संपूर्ण संच. त्यातल्या ‘हामरक्लाविअर’ या सोनाटाच्या सुरुवातीला तो बेथोव्हेनच्या १३८ या आकड्याला भिडायला जातो आणि सूर सांडतात. मागे हटत नाही.

१९४० च्या दशकाअखेर चुंबकीय टेप आली. आता ब्लेडनं फीत कापून चांगला तुकडा जोडता येई. १९४८ ची एलपी (जास्त वेळ वाजणारी नवी तबकडी) घरोघर गेली. एकच वादन पन्नासदा ऐकलं जाऊ लागलं की मैफिलीत लोभस वाटलेलं थबकणं तिसऱ्या खेपेला लकब वाटतं, आणि चुकलेला सूर दर वेळी तिथंच टोचतो. वादक सावध झाले. श्रोत्यांचा कान फितीवरच्या निर्दोषपणाला सरावला आणि त्यानं सभागृहातही तेच मागायला सुरुवात केली. १९६५ साली बारा वर्षांनी व्लादिमिर होरोविट्झ हा वादक न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या मंचावर परतला, तेव्हा ‘प्रत्यक्ष मैफील’ म्हणून निघालेल्या एलपीतही काही चुकलेले सूर बदललेले होते. न सुधारलेलं रूप लोकांना पुष्कळ वर्षांनी ऐकायला मिळालं. मौरिझिओ पोलिनीचं १९७२ चं शोपँच्या एत्यूदांचं (तंत्राच्या सरावासाठीच्या रचनांचं) रेकॉर्डिंग या दिशेचं टोक मानतात. ते थक्क करतं. त्याच्या शेजारी कोर्तोच्या १९३३-३४ च्या एत्यूदा लावल्या की ही तीच पानं आहेत यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

स्पर्धांचाही हात आहे. १९२७ पासून चालत आलेल्या वॉर्साच्या शोपँ स्पर्धेसारख्या ठिकाणी दहा-पंधरा परीक्षकांची मतं जुळावी लागतात. एकाला फार आवडेल आणि दुसऱ्याला मुळीच नाही असं वाजवणारा मागे पडतो. १९८० साली इव्हो पोगोरेलिच हा स्पर्धक अंतिम फेरीत आला नाही म्हणून पियानोवादक मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळातून बाहेर पडली, ते प्रकरण प्रसिद्धच आहे.

कुठे फसाल

वर्ष. स्ट्रीमिंग ॲपवर दिसतं ते बहुधा पुनर्प्रकाशनाचं. कोर्तोपुढे २०१० नंतरचं साल सहज दिसेल. कोर्तो १९६२ साली वारला. रेकॉर्डिंगची तारीख सीडीच्या पुस्तिकेत किंवा डिस्कोग्राफीत शोधा. मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या मूळ साच्याचा) आणि टेक क्रमांक (कितव्या खेपेचं वादन ते) दिला असेल तर ती माहिती विश्वासाची. एकाच वादकाची एकाच रचनेची दोन-तीन रेकॉर्डिंग्ज असतात तेव्हा याशिवाय इलाज नाही.

वेग आणि पट्टी. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ गतीनं कापलेल्या नसत. चुकीच्या गतीनं उतरवल्या की लय आणि पट्टी दोन्ही सरकतात. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप लावून शेवटची कॉर्ड तपासा. ई-फ्लॅटऐवजी ई आलं तर वादन साधारण ६ टक्के जलद झालंय. चार मिनिटांची रचना ३ मिनिटे ४७ सेकंदांत संपते. त्याहून कमी फरकावरून मात्र काही ठरवू नका, कारण त्या काळी पियानोही सगळीकडे एकाच पट्टीत लावलेले नसत.

तबकडीची बाजू. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास, बारा इंचीवर चार-साडेचार. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्यांची मैफील तीन मिनिटांची असे म्हणणारा कुणी भेटणार नाही. पियानोवाल्यांबद्दल मात्र ‘तेव्हा सगळे घाईत वाजवत’ असं सर्रास म्हटलं जातं. घाई बाजूची की वादकाची, हे तपासायला त्याच वादकाची अनेक बाजूंवर पसरलेली मोठी रचना ऐका. उदाहरणार्थ रॅखमानिनोवचा १९३० चा शोपँचा दुसरा सोनाटा. (त्यातल्या शोकयात्रेत मुख्य चाल परत येते तिथे स्कोअर समोर ठेवा. छापलेला हळू आवाज आणि त्यानं वाजवलेला दणदणीत आवाज यांचा काही संबंध नाही, आणि ते ठरवून केलेलं आहे.)

खरखर गाळणं. खरखर पुसताना सुराची वरची धारही पुसली जाते आणि पियानो घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो. मग ‘जुन्यांचा सूर मऊ होता’ असा गोड गैरसमज होतो. दोन प्रती मिळाल्या तर जास्त खरखरणारी घ्या. वॉर्ड मार्स्टन आणि मार्क ओबर्ट-थॉर्न या तंत्रज्ञांनी जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या प्रती सहसा चांगल्या. १९२५ पूर्वीच्या रेकॉर्डिंगवरून मात्र सुराच्या पोताबद्दल काहीच बोलू नये. कर्ण्याला तो ऐकूच येत नसे.

पियानो रोल. १९०४ पासून वेल्टे-मिन्योन यंत्रं वादकाच्या कळा छिद्रांच्या कागदावर नोंदवत. कार्ल राइनेके (जन्म १८२४) किंवा लेशेटिझ्की यांच्यासारख्यांचं वादन त्यामुळे आधुनिक पियानोवर, खरखरीशिवाय ऐकायला मिळतं, आणि नवखा माणूस तिथेच हुरळतो. पण कागद किती वेगानं ओढायचा आणि हातोडी किती जोरात मारायची हे वाजवणाऱ्या यंत्राच्या जुळणीवर ठरतं. रोलवरून लय मोजू नका, आवाजाचे चढउतार मोजू नका. कुठला सूर आधी पडला आणि कॉर्ड कशी मोडली, एवढ्यापुरता तो कामाचा.

आणि नाव. जॉइस हॅटो या ब्रिटिश वादिकेच्या नावानं निघालेल्या सीड्यांचं समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. २००७ साली त्यातली एक सीडी संगणकात घातल्यावर डेटाबेसनं दुसऱ्याच वादकाचं, लास्लो सायमनचं नाव दाखवलं; ध्वनिलहरी जुळवल्या तेव्हा चोरी उघड झाली, आणि सीड्या काढणाऱ्या तिच्या नवऱ्यानं ती कबूलही केली. काही ठिकाणी वेग थोडा बदलून ओळख पुसली होती. नाव झाकून ऐकण्याचा सराव म्हणून चांगला: घरातल्या कुणाला तरी क्रम लावायला सांगा आणि दशक ओळखा.

दुसरी बैठक संपल्यावर

वहीत प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी सहा आकडे, हातांच्या फटींची संख्या, मोडलेल्या कॉर्डची संख्या, बोट अडखळलं ते बार आणि छापलेल्यापेक्षा जास्तीचे सूर, एवढंच लिहा. ‘भावपूर्ण’, ‘आत्मा ओतून’ हे शब्द वहीत नकोत. रुबिनस्टाइनची दोन पानं शेजारी ठेवलीत की १९३६-३७ चा वादक हलका, खेळकर आणि १९६५ चा रुंद, स्थिर दिसेल.

हे सगळं काळाच्या खात्यावर टाकण्याआधी ग्लेन गूल्डची दोन रेकॉर्डिंग्ज ऐका: बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, १९५५ आणि १९८१. पहिलं ३८ मिनिटांचं, दुसरं ५१ मिनिटांचं. दुसऱ्यात काही भाग दोनदा वाजवले आहेत, त्यामुळे एकूण वेळेची तुलना फसवी आहे. फक्त सुरुवातीची आरिया घ्या, तिथे दोन्ही वेळा पुनरावृत्ती नाही. १९५५ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ मध्ये तिला तीन मिनिटांहून जास्त लागतात. १९८० च्या आसपास सगळे बाख संथ वाजवू लागले होते असं नाही. तो एकटा बदलला होता. म्हणून कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी त्याच दशकातली निदान तीन नावं तपासा. १९३० च्या दशकासाठी इग्नात्स फ्रीडमनचं १९३६ चं ओपस ५५ क्रमांक २ चं नॉक्टर्न आधी घ्या. त्यात उजव्या हातात दोन स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात, त्यामुळे हातांतली फट तिहेरी होते. पेन्सिल बारीक टोकाची लागेल.